बाँड यांची रिकामी खुर्ची

सोमवार, १० जानेवारी १९६६. अटलांटात जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं आणि प्रतिनिधिगृहाचे सदस्य शपथ घ्यायला उभे राहिले. एकाला मात्र सचिवांनी शपथ दिली नाही. त्याच्या नावावर पंचाहत्तर सहकाऱ्यांनी लेखी आक्षेप नोंदवला होता. हा सदस्य ८२ टक्के मतं घेऊन निवडून आला होता. वय, रहिवास, नागरिकत्व अशी एकूण एक अट तो पुरी करत होता आणि शपथ घ्यायला तयार होता. त्याच दिवशी सुनावणी उरकली गेली. सभागृहानं १८४ विरुद्ध १२ मतांनी ठरवून टाकलं की ज्युलियन बाँड यांना आत घ्यायचं नाही.

अपराध काय, तर चार दिवसांपूर्वी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निघालेलं एक निवेदन आपल्याला मान्य आहे, असं त्यांनी रेडिओच्या वार्ताहराला सांगितलं होतं.

साठ वर्षांपूर्वीच्या या आमदाराची गोष्ट मी आज मराठीत सांगतो आहे, कारण निवडून आलेल्या माणसाला दाराबाहेर उभं करण्याची सवय सभागृहांना फार सहज लागते आणि आपल्याकडे ती लागलेली आहे. आमदार ज्या खुर्चीवर बसतो ती त्याला मतदारांनी दिलेली असते. शेजारच्या खुर्च्यांवरच्या लोकांनी दिलेली नसते. हे बोलायला सोपं आहे. पण बहुमत हातात आलं की भल्याभल्यांना त्याचा विसर पडतो आणि विसर पडलेल्यांत सगळ्या पक्षांची माणसं असतात.

बाँड ज्या मतदारसंघातून आले तो वर्षभर आधी नकाशावरच नव्हता. जॉर्जियात कित्येक पिढ्या माणसांना किंमत नव्हती, काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला, होती. राज्यात १५९ काउंटी. सर्वांत मोठ्या आठ काउंटींना प्रत्येकी तीन प्रतिनिधी, नंतरच्या तीसांना प्रत्येकी दोन आणि उरलेल्या १२१ काउंटींना प्रत्येकी एक. म्हणजे अटलांटा शहर जिच्यात येतं त्या लाखोंच्या फुल्टन काउंटीला तीन आमदार आणि काही हजार वस्तीच्या, ओस पडत चाललेल्या काउंटीला एक. शहरातला मतदार, त्यातही कृष्णवर्णीय मतदार, मोजणीत विरघळून जायचा. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की राज्याच्या विधिमंडळाची दोन्ही सभागृहं लोकसंख्येच्या प्रमाणातच निवडली पाहिजेत. त्यामुळं जॉर्जियाला मतदारसंघ नव्यानं आखावे लागले. जून १९६५ मध्ये विशेष निवडणूक झाली आणि प्रतिनिधिगृहावर एकदम आठ कृष्णवर्णीय सदस्य निवडून आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर असं प्रथमच घडत होतं. बाँड यांच्या १३६व्या मतदारसंघात साधारण साडेसहा हजार मतदार होते आणि त्यांतले सहा हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय होते. त्यातले बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच ‘आपला आमदार’ हे शब्द उच्चारू शकत होते. १० जानेवारीला नेमके तेच शब्द त्यांच्या तोंडून काढून घेतले गेले.

बाँड तेव्हा पंचविशीत होते. जन्म नॅशव्हिलचा, १९४० चा. वडील नावाजलेले शिक्षणतज्ज्ञ, पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. मुलगा अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजात शिकायला आला आणि १९६० साली विद्यार्थ्यांच्या आंदोलनात उतरला. अटलांटाच्या नगरपालिकेच्या उपाहारगृहात गोऱ्यांच्या रांगेत जाऊन जेवण मागितलं म्हणून त्याला अटक झाली. त्याच वर्षी ‘स्निक’ या नावानं ओळखली जाणारी विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिती स्थापन झाली. बाँड तिच्या स्थापनेपासूनचे आणि तिचं प्रसिद्धीचं काम त्यांच्याकडे. मिसिसिपीत कुणाचं घर जाळलं गेलं, अलाबामात कुणाला तुरुंगात डांबलं, ही माहिती वर्तमानपत्रांपर्यंत पोचवायची, पत्रकं लिहायची, फोनवर बसून राहायचं. व्यासपीठावर गाजणाऱ्या माणसांच्या मागं उभं राहणारं हे काम. कॉलेज त्यांनी अर्धवट सोडलं होतं. पदवी घेतली ती दहा वर्षांनी, १९७१ साली, आमदार असताना.

ज्या निवेदनावरून हे सगळं झालं ते नीट वाचायला हवं, कारण त्याच्या मुळाशी एक खून आहे. ३ जानेवारी १९६६ ला अलाबामातल्या टस्कीगी गावात सॅमी यंग या एकवीस वर्षांच्या कार्यकर्त्यानं पेट्रोल पंपावरचं गोऱ्यांसाठी राखून ठेवलेलं स्वच्छतागृह वापरू द्या, अशी मागणी केली आणि त्याला गोळी घालून मारलं गेलं. यंग अमेरिकन नौदलात नोकरी करून आलेला होता. तिसऱ्या दिवशी स्निकनं निवेदन काढलं. त्याचा आशय असा होता की टस्कीगीतला हा खून आणि व्हिएतनामी शेतकऱ्यांचे खून यांत फरक नाही, कारण दोघंही कायद्यानं मिळालेला हक्कच मागत होते. जे तरुण सक्तीच्या सैन्यभरतीला तयार नाहीत त्यांच्याबद्दल आम्हांला सहानुभूती आहे. नागरी हक्कांचं काम हा लष्करी सेवेला पर्याय मानला जावा. बाँड यांनी यातला एक शब्दही लिहिलेला नव्हता. विचारल्यावर एवढंच म्हणाले की मी याच्याशी सहमत आहे. भरतीचं कार्ड जाळणाऱ्यांच्या धैर्याचं मला कौतुक वाटतं, पण मी माझं कार्ड जाळणार नाही आणि कुणाला जाळायला सांगितलेलंही नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं होतं.

सभागृहात आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं असं की हा माणूस राज्यघटनेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ प्रामाणिकपणे घेऊच शकत नाही. त्यांच्या विधानांनी सभागृहाची बदनामी झाली, शत्रूला बळ मिळालं. ही भाषा आपल्या ओळखीची आहे. काळ बदलतो, देश बदलतो, शत्रूचं नाव बदलतं आणि वाक्य तेच राहतं. मला इथं त्या शपथेबद्दल बोलायचं आहे. शपथ ही सदस्यानं स्वतःला घालून घेतलेली मर्यादा असते. ती दुसऱ्याच्या मनात डोकावून ‘तू खरं बोलतोस की खोटं’ हे ठरवण्याचा परवाना झाली, तर कोणत्याही बहुमताला कोणताही विरोधक दारातच अडवता येईल. घटनेशी एकनिष्ठ आहे असं म्हणणाऱ्यावर आमचा विश्वास नाही, एवढं म्हटलं की काम झालं. पुरावा लागत नाही, बचावाला जागा राहत नाही.

१४ जानेवारीला, बाँड सव्वीस वर्षांचे झाले त्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंग यांनी अटलांटाच्या विधानभवनावर मोर्चा नेला. किंग यांचं घर याच मतदारसंघात होतं. मोअरहाउसमध्ये बाँड त्यांच्या तत्त्वज्ञानाच्या तासाला बसलेले होते, पण आता नातं उलटं झालं होतं. किंग मतदार होते आणि बाँड त्यांचे आमदार. न्यायालयात गेलेल्या दाव्यातही किंग वादी म्हणून सहभागी झाले. हे मला सबंध प्रकरणातलं सर्वांत मोलाचं पाऊल वाटतं. बाँड यांची खुर्ची गेली ही बाँड यांची तक्रार झाली. आमचा आवाज गेला, ही मतदारांची स्वतंत्र तक्रार आहे आणि ती त्यांनी स्वतः मांडली पाहिजे.

खालच्या न्यायालयात तीन न्यायाधीशांपुढं दावा चालला आणि दोन विरुद्ध एक असा निकाल विधिमंडळाच्या बाजूनं लागला. बाजूनं मत देणाऱ्यांपैकी ग्रिफिन बेल पुढं राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे महान्यायवादी झाले. विरोधात मत देणारे एल्बर्ट टटल दक्षिणेतल्या नागरी हक्कांच्या निकालांसाठी नावाजले गेले. दरम्यान रिकाम्या झालेल्या जागेसाठी फेब्रुवारीत पोटनिवडणूक लागली. बाँड उभे राहिले. त्यांच्याविरुद्ध कुणी अर्जच भरला नाही. मतदारांनी याहून स्वच्छ उत्तर काय द्यायचं? तरी सभागृहाच्या नियम समितीनं त्यांना पुन्हा नाकारलं. नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत ते तिसऱ्यांदा निवडून आले. दीड वर्षात तीन वेळा लोकांनी पाठवलेला माणूस अजून बाहेरच होता.

५ डिसेंबर १९६६ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं, नऊ विरुद्ध शून्य, निकाल दिला की जॉर्जियाच्या सभागृहानं बाँड यांचं भाषणस्वातंत्र्य पायदळी तुडवलं. निकालपत्र सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिलं. राज्याच्या वकिलांचा एक युक्तिवाद वरवर पटण्यासारखा होता. सामान्य नागरिकाला वाटेल ते बोलू द्या, पण आमदाराकडून जास्त निष्ठेची अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे? पद मोठं, जबाबदारी मोठी, तर बंधनंही मोठी. वॉरन यांनी हा तर्क उलटा केला. प्रातिनिधिक राज्यपद्धतीत लोकप्रतिनिधीला धोरणांवर बोलण्याची सर्वाधिक मोकळीक हवी, असं त्यांनी म्हटलं. वादाच्या प्रश्नांवर भूमिका घेणं हे त्याचं कर्तव्यच आहे. आपला प्रतिनिधी कोणत्या विचाराचा आहे हे मतदारांना कळलं पाहिजे, म्हणजे त्याला ठेवायचं की घरी पाठवायचं हे त्यांना ठरवता येईल. आणि त्यांनी निवडलेल्या माणसाच्या तोंडूनच त्यांची बाजू चर्चेत मांडली गेली पाहिजे.

याच निकालात आणखी एक बारकावा आहे. वर्णाच्या कारणावरून सदस्याला नाकारलं असतं तर न्यायालयानं हस्तक्षेप करणं योग्य ठरलं असतं, हे राज्याच्या वकिलांनी मान्य केलं होतं. मग विचारांच्या कारणावरून नाकारलं तर का नाही, असा न्यायालयाचा रोख होता. जॉर्जियापुरता तर हा प्रश्न आणखी खोल जातो, कारण वर्णावरून नाकारण्याचा प्रयोग याच विधिमंडळानं आधी करून पाहिलेला होता. यादवी युद्धानंतर, सप्टेंबर १८६८ मध्ये, निवडून आलेल्या तेहतीस कृष्णवर्णीय आमदारांना जॉर्जियाच्या विधिमंडळानं हाकलून दिलं. नव्या घटनेनं कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क दिला असेल, पण पद धारण करण्याचा दिलेला नाही, असा तर्क लढवला गेला. हेन्री मॅकनील टर्नर यांनी सभागृहात उभं राहून जे भाषण केलं ते आजही वाचवत नाही इतकं धगधगीत आहे. मी इथं भीक मागायला आलेलो नाही, माझा हक्क मागायला आलो आहे, हा त्याचा गाभा. केंद्र सरकारनं हस्तक्षेप केल्यावर १८७० मध्ये ते परत आले. आज अटलांटाच्या विधानभवनाच्या आवारात त्या तेहतीस जणांचं शिल्प आहे. १८६८ आणि १९६६ यांच्यामध्ये ९८ वर्षं आहेत. कारण बदललं, पण लोकांनी कुणाला पाठवायचं हे आम्ही ठरवू, ही जागेच्या मालकीबद्दलची समजूत तीच राहिली.

त्या समजुतीचं टोक त्याच डिसेंबरात दिसलं. नोव्हेंबर १९६६ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत कुणालाच निम्म्याहून अधिक मतं मिळाली नव्हती. रिपब्लिकन पक्षाचे बो कॅलवे सुमारे तीन हजार मतांनी पुढं होते. दुसऱ्या क्रमांकावर डेमोक्रॅट लेस्टर मॅडॉक्स होते. हे मॅडॉक्स म्हणजे १९६४ साली नागरी हक्क कायदा झाल्यावर आपल्या खाणावळीत कृष्णवर्णीयांना पाऊल ठेवू न देणारे गृहस्थ. जॉर्जियाच्या घटनेप्रमाणं अशा वेळी विधिमंडळानं गव्हर्नर निवडायचा होता. बाँड यांच्या बाजूनं निकाल दिल्यानंतर आठवड्याभरानं, १२ डिसेंबरला, त्याच सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ही तरतूद वैध ठरवली. १० जानेवारी १९६७ ला, बाँड यांना नाकारल्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, विधिमंडळानं १८२ विरुद्ध ६६ मतांनी मॅडॉक्स यांना गव्हर्नर केलं. लोकांनी ८२ टक्के मतं दिलेला माणूस ज्या विधिमंडळाला नकोसा झाला होता, त्यानंच लोकांनी दुसऱ्या क्रमांकावर ठेवलेल्या माणसाला राज्याच्या सर्वोच्च पदावर बसवलं. बाँड यांची शपथ तेवढ्यात होऊन गेली होती. ते सभागृहात होते.

आता आपल्याकडे येऊ. ५ जुलै २०२१ ला, दोन दिवसांच्या पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, महाराष्ट्र विधानसभेनं भाजपच्या बारा आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं. ओबीसी आरक्षणासाठी केंद्राकडून माहिती मागण्याच्या ठरावावर गोंधळ झाला आणि तालिका अध्यक्षांना त्यांच्या दालनात शिवीगाळ केल्याचा आरोप झाला. इथं प्रश्न विचारांचा नव्हता, वर्तनाचा होता, हे मी सुरुवातीलाच मान्य करतो. पण शिक्षा कुणाला झाली ते पाहा. जामनेर, औसा, माळशिरस, चिमूर, मूर्तिजापूर, जळगाव जामोद, बदनापूर, सिंदखेडा, मुंबईतले चार मतदारसंघ. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, मांजरा फुगली, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. डिसेंबरात मुंबईत हिवाळी अधिवेशन झालं, तेव्हा औशाचा आमदार सभागृहात नव्हता. तो गावोगाव फिरू शकत होता, निवेदनं देऊ शकत होता, पण मंत्र्याला उभं करून प्रश्न विचारू शकत नव्हता. औशाच्या शेतकऱ्यानं कुणाला शिवी दिली होती?

सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०२२ ला हे निलंबन घटनाबाह्य आणि अतार्किक ठरवलं. चालू अधिवेशनापलीकडे निलंबन करता येणार नाही, असं सांगितलं. सुनावणीत न्यायमूर्तींनी काढलेला मुद्दा फार मार्मिक होता. हे बडतर्फीपेक्षाही वाईट आहे, असं ते म्हणाले. आमदाराला काढून टाकलं तर जागा रिकामी होते आणि कायद्यानं सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते, लोकांना पुन्हा बोलता येतं. वर्षभराच्या निलंबनात जागा भरलेलीही नाही आणि रिकामीही नाही. मतदारसंघ नुसताच मुका होतो.

हा केवळ एका सरकारचा दोष नाही. २०१७ साली भाजप-शिवसेनेचं सरकार असताना अर्थसंकल्पाच्या वेळच्या गोंधळाबद्दल काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या एकोणीस आमदारांना वर्षअखेरपर्यंत निलंबित करण्याचा ठराव झाला होता. २००९ साली तर शपथविधीतच, हिंदीत शपथ घेणाऱ्या आमदाराला धक्काबुक्की केल्याबद्दल मनसेच्या चार आमदारांना चार वर्षांसाठी बाहेर काढलं गेलं. चार वर्षं म्हणजे जवळजवळ सगळी मुदतच. दोन्ही निलंबनं पुढं मागं घेतली गेली. म्हणजे इतकी शिक्षा करायची गरज नव्हती हे करणाऱ्यांनाही कळत होतं. दिल्लीत डिसेंबर २०२३ च्या एकाच अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले आणि विरोधी बाक जवळपास मोकळे असताना नवे फौजदारी कायदे मंजूर झाले.

मग सभागृहानं बेशिस्त खपवून घ्यायची का, असं विचारलं जातं. नाही. राजदंड पळवणाऱ्याला, माइक फेकणाऱ्याला, अध्यक्षांवर धावून जाणाऱ्याला त्या क्षणी बाहेर काढलंच पाहिजे. कामकाज चालू राहावं म्हणून जेवढं लागतं तेवढा अधिकार पीठासीन अधिकाऱ्याला हवा. फौजदारी गुन्हा झाला असेल तर पोलीस आणि न्यायालय आहे. पण कामकाज सुरळीत झाल्यावरही शिक्षा चालू राहिली तर तिचा हेतू शिस्त हा राहत नाही, संख्या हा होतो. २८८ च्या सभागृहात बारा खुर्च्या वर्षभर मोकळ्या राहणं याचा अर्थ राजकारणातल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

आणि भ्रष्टाचार? डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल अकरा खासदारांना संसदेनं काढून टाकलं आणि २००७ साली सर्वोच्च न्यायालयानं तो अधिकार मान्य केला. मला ते पटतं, एका अटीवर. काढलेला माणूस पुन्हा लोकांपुढं जाऊ शकला पाहिजे आणि लोकांनी पाठवलं तर त्याच जुन्या कारणावरून त्याला पुन्हा अडवता कामा नये. यवतमाळचे जांबुवंतराव धोटे आठवतात. १९६४ साली अध्यक्षांच्या दिशेनं पेपरवेट भिरकावला म्हणून महाराष्ट्र विधानसभेनं त्यांचं सदस्यत्वच रद्द केलं. विदर्भातल्या लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं आणि १९७१ साली नागपुरातून लोकसभेवर पाठवलं. पेपरवेट फेकणं चूकच होतं. पण त्या चुकीचं वजन किती, हे शेवटी मतदारांनी मोजलं.

अमेरिकेतही धडा एकदा शिकून संपला असं झालेलं नाही. बाँड यांच्या जन्मगावी, नॅशव्हिलला, २७ मार्च २०२३ ला एका शाळेत गोळीबार होऊन तीन मुलं आणि तीन मोठी माणसं मारली गेली. बंदुकांवर निर्बंध घाला म्हणत तीन आमदार टेनेसीच्या सभागृहात ध्वनिक्षेपक घेऊन पुढं आले आणि कामकाज थांबलं. ६ एप्रिलला जस्टिन जोन्स आणि जस्टिन पिअरसन या दोन तरुण कृष्णवर्णीय आमदारांना बडतर्फ केलं गेलं. त्यांच्याबरोबर उभ्या असलेल्या ग्लोरिया जॉन्सन या गोऱ्या सदस्य एका मतानं वाचल्या. कृती तीच, शिक्षा वेगळी. आठवड्याच्या आत नॅशव्हिलच्या नगरपरिषदेनं ३६ विरुद्ध शून्य मतांनी जोन्स यांना आणि शेल्बी काउंटीच्या मंडळानं ७ विरुद्ध शून्य मतांनी पिअरसन यांना हंगामी सदस्य म्हणून परत पाठवलं. ऑगस्टमध्ये दोघंही रीतसर निवडून आले.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे. लोकांनी उद्या मॅडॉक्ससारखाच माणूस भरघोस मतांनी निवडून दिला तर? जो मतदारांतल्या एका समूहाला माणूसच मानत नाही, त्यालाही हेच संरक्षण? हो, त्यालाही. तो जे बोलतो त्याची मला शिसारी असेल, पण त्याला दारातून परत पाठवण्याचा अधिकार मी सभागृहाला दिला तर तो अधिकार उद्या बाँड यांच्यावरच चालणार. तसा तो चालवला गेलेलाही आहे. अशा माणसाशी लढायची जागा मतदारसंघात आहे, पक्षात आहे, न्यायालयात आहे.

बाँड स्वतः तसेच लढले. १९६८ साली शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं, तेव्हा जॉर्जियाचं अधिकृत शिष्टमंडळ मॅडॉक्स यांच्या गोटानं निवडलेलं होतं. बाँड यांनी सर्व वर्णांच्या लोकांचं पर्यायी शिष्टमंडळ उभं केलं, पक्षाच्या नियमांवर बोट ठेवून आव्हान दिलं आणि निम्म्या जागा मिळवल्या. त्याच अधिवेशनात उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचं नाव पुकारलं गेलं. वय होतं अठ्ठावीस आणि घटनेची अट पस्तीसची. त्यांनी नाव मागं घेतलं.

त्यानंतरची कारकीर्द पाहताना मला एक गोष्ट आवडते. ती साधी आहे. बाँड १९७५ पर्यंत प्रतिनिधिगृहात आणि पुढं १९८७ पर्यंत राज्याच्या सेनेटमध्ये, म्हणजे एकूण वीस वर्षं राज्याच्याच विधिमंडळात राहिले. दर वर्षी हिवाळ्यात भरणारं छोटं अधिवेशन, विधेयकांच्या दुरुस्त्या, समित्या, मतदारसंघातले रस्ते आणि घरं. देशभर भाषणं चालू होती, पण विधिमंडळात ते अल्पमतातले एक सदस्य होते आणि बहुतेक वेळा हरत होते. ज्या खुर्चीसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं तिच्यावर बसून करायचं काम हे असंच असतं.

१९८० च्या जनगणनेनुसार मतदारसंघ आखण्याची वेळ आली तेव्हा बाँड यांनी अटलांटात कृष्णवर्णीयांचं बहुमत असलेला काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, मतदारसंघ व्हावा म्हणून विधिमंडळात झुंज दिली. तो पाचवा मतदारसंघ तसा झाला. १९८६ मध्ये तिथून उभं राहण्यासाठी त्यांनी राज्याच्या सेनेटची जागा सोडली. सगळ्यांना वाटत होतं, ही जागा बाँड यांचीच. समोर होते जॉन लुईस, स्निकमधले पंचवीस वर्षांपूर्वीचे मित्र. जानेवारी १९६६ चं ते युद्धविरोधी निवेदन निघालं तेव्हा स्निकचे अध्यक्ष लुईसच होते. प्रचार कडवट झाला, मैत्रीला तडा गेला. सप्टेंबरमध्ये पक्षांतर्गत निवडणुकीची दुसरी फेरी झाली आणि अटलांटाच्या मतदारांनी ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी लुईस यांना पाठवलं.

बाँड विद्यापीठांत शिकवायला गेले. पुढं १९९८ पासून २०१० पर्यंत त्यांनी देशातल्या सर्वांत जुन्या नागरी हक्क संघटनेचं, एनएएसीपीचं, अध्यक्षपद सांभाळलं. १५ ऑगस्ट २०१५ ला ते गेले. निवडणूक त्यांनी पुन्हा लढवली नाही. त्या मतदारसंघातून लुईस २०२० मध्ये मृत्यू होईपर्यंत, प्रत्येक दोन वर्षांनी मतं मागून, निवडून येत राहिले.